हेडफोनमध्ये आवाज कुठून येतो: ऑडिओ इंटरफेस निवडण्याआधी

ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणारा डबा, घेताना बहुतेक जण आधी इनपुट मोजतात. घरी एकट्यानं किंवा दोघांनी रेकॉर्डिंग करायचं असेल, तर मी त्याआधी एक गोष्ट बघायला सांगेन. गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये कुठल्या वाटेनं येणार, आणि संगणकातून वाजणाऱ्या ट्रॅकच्या मानानं तो किती ठेवायचा, हे कुठे ठरतं? गाणाऱ्याचा सूर आणि ताल यावरच टिकतो.

सगळ्यात साधी व्यवस्था बटणाची. फोकसराइट स्कार्लेट २आय२ च्या तिसऱ्या पिढीत डायरेक्ट मॉनिटरचं एकच बटण आहे: बंद, मोनो किंवा स्टिरिओ. माइकचा आवाज संगणकात न जाता थेट कानात येतो, त्यामुळे उशीर जाणवत नाही. एकच माइक असेल तर मोनोच ठेवा. स्टिरिओवर पहिला इनपुट फक्त डाव्या कानात येतो आणि अनेकांना हेडफोन बिघडल्यासारखं वाटतं. मर्यादा अशी, की आवाज आणि ट्रॅक यांचं प्रमाण बदलायला इंटरफेसवर काही नाही. ट्रॅक मोठा वाटला तर तो रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्येच कमी करायचा.

रिव्हर्ब, म्हणजे खोलीची गुंज, नसलेल्या कोरड्या आवाजात गायला जड जातं, ही तक्रार मात्र याच इंटरफेसवर सुटते. सॉफ्टवेअरमध्ये माइकच्या ट्रॅकचं इनपुट मॉनिटरिंग (येणारा आवाज लगेच ऐकवणं) चालू ठेवा, पण तो ट्रॅक थेट मास्टरला, म्हणजे मुख्य आउटपुटला, न पाठवता फक्त रिव्हर्बला पाठवा, आणि रिव्हर्ब पूर्ण वेट ठेवा, म्हणजे त्यातून मूळ आवाज न येता फक्त गुंज येईल. मूळ आवाज बटणाच्या वाटेनं लगेच येतो, रिव्हर्ब काही मिलिसेकंद मागून, आणि रिव्हर्बला तेवढा उशीर शोभतोच. माइकचा ट्रॅक मास्टरला तसाच जोडलेला राहिला, तर एकच आवाज दोनदा ऐकू येतो आणि पोकळ, पत्र्यासारखा लागतो.

डायरेक्ट मॉनिटर बंद ठेवून सगळंच सॉफ्टवेअरमधून ऐकायचं म्हटलं, तर ४४.१ किलोहर्ट्झवर २५६ सॅम्पलचा बफर (संगणक एका वेळी साठवून हाताळतो तो आवाजाचा तुकडा) जाताना ५.८ आणि येताना तेवढेच मिलिसेकंद घेतो, वर कन्व्हर्टर आणि ड्रायव्हरचा वेळ वेगळा. गिटार अ‍ॅम्पच्या प्लगइनमधून (सॉफ्टवेअरमधल्या अ‍ॅम्पमधून) वाजवायची असेल तर दुसरा इलाज नाही. बफर ६४ किंवा १२८ वर आणा. गायकासाठी मी ही वाट सुचवणार नाही.

मोटू एम४ या इंटरफेसवर आवाज आणि ट्रॅक यांचं प्रमाण नॉबनं ठरतं: एका टोकाला इनपुट, दुसऱ्या टोकाला संगणकाचा आवाज. रियाज करणाऱ्यासाठी मला हा सगळ्यात सोयीचा वाटतो. माइक पुढच्या इनपुटला, इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचं लाइन आउट मागच्या ३-४ ला. सॉफ्टवेअर न उघडता दोन्ही कानात येतात, आणि रेकॉर्ड करायचं ठरलं तर तानपुरा वेगळ्या ट्रॅकवर मिळतो. पण हेडफोन आणि मुख्य स्पीकर यांना एकच मिक्स जातो. शिवाय माइकचे प्रीअ‍ॅम्प (माइकचा आवाज वाढवणारे इनपुट) दोनच आहेत. डग्गा आणि तबला यांना एकेक माइक लावला की गायकासाठी जागा उरत नाही.

दोघांना दोन वेगळे मिक्स हवे असतील तर सॉफ्टवेअर मिक्सर असलेलाच इंटरफेस घ्या. आरएमई बेबीफेस प्रो एफएसच्या टोटलमिक्स या मिक्सरमध्ये तीन ओळी दिसतात: वर इनपुट, मध्ये संगणकाचा आवाज, खाली आउटपुट. खालचं एक आउटपुट निवडायचं, की वरच्या दोन ओळी फक्त त्याच्यापुरत्या बदलतात. तबलजीला गाणं जास्त, गायकाला तानपुरा जास्त, असं करता येतं.

ऑनलाइन शिकवणाऱ्यांसाठी याचा उपयोग आणखी मोठा आहे. साध्या लूपबॅकमध्ये (आउटपुटचा आवाज पुन्हा इनपुट म्हणून संगणकाला देण्याच्या सोयीत) संगणकातला सगळा आवाज परत जातो. त्यात विद्यार्थ्याचा आवाजही असतो आणि त्याला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येतो. टोटलमिक्समध्ये कॉलचा आवाज प्लेबॅक (मधली ओळ) १-२ वर आणि संगणकावरच्या तानपुऱ्याचा ३-४ वर घ्यायचा. मग काहीच न जोडलेल्या ऑप्टिकल आउटपुटवर माइक आणि तानपुरा एवढाच मिक्स करून तिथे लूपबॅक लावायचा. विंडोजमध्ये कॉलच्या अ‍ॅपला त्याच ऑप्टिकल जोडीचं इनपुट माइक म्हणून द्यायचं. मांडणी एकदा जमली की स्नॅपशॉट म्हणून जपून ठेवता येते.

बेबीफेसची किंमत २आय२ च्या कितीतरी पट आहे. नुसते दोन मिक्स हवे असतील तर स्कार्लेट ४आय४ ची तिसरी पिढी पुरते: स्पीकर १-२ वर, हेडफोन ३-४ वर, आणि फोकसराइट कंट्रोल या तिच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींना वेगळा मिक्स देता येतो. एकट्यानं गाणाऱ्याला किंवा पॉडकास्ट करणाऱ्याला २आय२ घ्यायला हरकत नाही. उरलेले पैसे चांगल्या बंद पाठीच्या (क्लोज्ड-बॅक) हेडफोनवर घाला, म्हणजे ट्रॅकचा आवाज माइकमध्ये झिरपणार नाही.