आंतरराष्ट्रीय व्यापाराचा ऑनलाईन कोर्स: काजू युनिट सांभाळत केला, कसा वाटला ते सांगतो

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगतो, एक्सपोर्ट कसा करायचा हे शिकायला हा कोर्स घेणार असाल तर अजिबात घेऊ नका. आयईसी कोड, शिपिंग बिल, एलसी, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, असल्या एक्सपोर्टच्या कागदपत्रांतलं एक अक्षर यात नाही. हे शुद्ध अर्थशास्त्र आहे, ग्राफ आणि गणितं. पण भाव कुठून येतो, सरकारनं शुल्क वरखाली केलं की कोणाच्या खिशातले पैसे कोणाच्या खिशात जातात, डॉलर चढला की आपल्याला का झळ बसते, हे नीट समजून घ्यायचं असेल तर घ्या, मला तरी पैसे वसूल झाल्यासारखं वाटतंय.

मी वेंगुर्ल्याकडचा, घरची काजूची बाग आहे ती बाबा बघतात आणि मी छोटं प्रोसेसिंग युनिट चालवतो. म्हणजे बी फोडणं, सोलणं, ग्रेडिंग, पॅकिंग. बीकॉम होऊन जमाना झाला. कोर्स परदेशी युनिव्हर्सिटीचा आहे, नाव मुद्दाम टाकत नाही कारण असे चार-पाच कोर्स आहेत आणि सगळ्यांचा सिलॅबस जवळपास तोच. गेल्या पावसाळ्यात सुरू केला, काम सांभाळून रात्री करत बरेच महिने लागले.

पहिला भाग रिकार्डो या जुन्या इंग्लिश अर्थतज्ज्ञाचा. १८१७ चं त्याचं ते इंग्लंड-पोर्तुगालचं उदाहरण, कापड आणि वाईन. पोर्तुगालला कापडाला ९० माणसं आणि वाईनला ८० लागतात, इंग्लंडला १०० आणि १२०. म्हणजे पोर्तुगाल दोन्हीत सरस, पण वाईनमध्ये जास्तच सरस, म्हणून त्यानं वाईनच करावी आणि कापड इंग्लंडकडून घ्यावं, दोघांचा फायदा. हे मास्तरांनी इतकं शांतपणे समजावलंय की पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही कळावं. त्यानंतर हेक्शर-ओलिनचा सिद्धांत, म्हणजे देशाकडे भांडवल किंवा मजूर यातलं जे भरपूर, ते जास्त लागणारा माल तो निर्यात करतो, मग लिओन्टिएफ या अर्थतज्ज्ञानं १९५३ मध्ये आकडे काढून दाखवलं की भांडवलानं गच्च भरलेल्या अमेरिकेची निर्यात उलट जास्त मजूर लागणारी निघते, इथपर्यंत ठीकठाक. परीक्षेपुरतं करायचं आणि पुढे जायचं.

मला खरा रस आला तो स्पेसिफिक फॅक्टर्स मॉडेलपासून. व्यापार खुला झाला की देशाला एकूण फायदा होतो हे खरं, पण जो माणूस एकाच धंद्याला बांधलेला आहे, ज्याची जमीन किंवा मशिनरी दुसऱ्या कामाला येत नाही, त्याला फटका किंवा लॉटरी. आमच्या घरातच दोन लॉबी आहेत हो. बाबांना वाटतं बाहेरून येणाऱ्या कच्च्या बीवर दणकून शुल्क लावा, म्हणजे इथल्या बीला दर मिळेल. मला वाटतं आफ्रिकेतली बी स्वस्तात येऊ दे, नाहीतर माझं युनिट वर्षभर चालायचं कसं, इथली बी काही महिन्यांत संपते. बाबा रोज जेवताना विचारायचे, "मगे तुझो तो मास्तर काय म्हणता, बियेक दर गावतलो की नाय?" आता मी काय सांगणार, मास्तर म्हणतात तुमचं नुकसान आणि माझा फायदा एकाच ग्राफवर आहे.

ट्रेड पॉलिसीचा भाग म्हणजे या कोर्सचा कळस. त्यातलं इफेक्टिव्ह प्रोटेक्शन हे एक प्रकरण सोडलं तर बाकी सगळं विसरलात तरी चालेल असं माझं मत झालंय. शुल्काचा जो दर कागदावर दिसतो तो खरा नसतो, कच्च्या मालावर किती आणि तयार मालावर किती ते एकत्र बघायचं. २०१८ च्या बजेटमध्ये कच्च्या काजू बीवरचं शुल्क ५ वरून २.५ टक्के केलं आणि २०१९ च्या जुलैतल्या बजेटमध्ये काजूगरावरचं ४५ वरून ७० टक्के. आता समजा जागतिक बाजारात १०० रुपयांचा काजूगर बनवायला ८० रुपयांची बी लागते, म्हणजे फोडणाऱ्या-सोलणाऱ्याच्या हातात २० रुपये. शुल्क लागल्यावर गर १७० ला जाऊ शकतो, बी ८२ ला पडते, मधले उरतात ८८. वीसचे अठ्ठ्याऐंशी! म्हणजे प्रोसेसिंगला मिळालेलं संरक्षण ७० टक्के नाही, ३४० टक्के. ८० हा आकडा मी उदाहरणाला धरलाय, तुमच्या युनिटचा वेगळा असेल, पण पद्धत हीच. हे गणित करून मी थोडा वेळ गप्पच बसलो, कारण एवढं संरक्षण असून आम्ही रडतो का हा प्रश्न आलाच. एक उत्तर हे की मुक्त व्यापार करारातून ज्या देशाच्या मालाला सवलतीचा दर लागतो तिथून येणाऱ्या गराला ७० टक्के लागतच नाही, तेव्हा कागदावरचं ३४० तेवढं उरत नाही. दुसरं उत्तर व्हिएतनाम, मशिनवर त्यांचा बी फोडायचा खर्च आपल्यापेक्षा कमी.

आणि किमान आयात दर, म्हणजे अमुक रुपयांच्या खाली आयातच नाही, हा आपल्याकडचा प्रकार कोर्समध्ये सरळ नाहीच. २०१९ मध्ये अख्ख्या गराला किलोला ७२० आणि तुकड्याला ६८० ठरवला होता. पण १९८१ मध्ये जपाननं अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांवर स्वतःहून जी मर्यादा घातली त्याचा धडा आहे, आणि तो वाचताना जाणवलं की हे तेच आहे, वाढलेल्या भावाचा पैसा बाहेरच्या विकणाऱ्यालाच. शुल्क लावलं तर वरचा पैसा सरकारला मिळतो, किमान दर लावला तर ७२० च्या खाली विकायला तयार असलेला बाहेरचा व्यापारी आरामात ७२० घेतो आणि फरक त्याच्या खिशात. असं काही स्वतःच्या धंद्यातलं सापडलं की कोर्सची खरी मजा येते.

तक्रार म्हणाल तर उदाहरणं सगळी अमेरिकेची. स्टील, साखर, गाड्या. आरोग्याच्या नावाखाली येणाऱ्या अडथळ्यांसाठी युरोपनं अडवलेलं हार्मोनवालं बीफ. अरे, आमच्या हापूसची गोष्ट यापेक्षा भारी आहे, २०१४ च्या मे महिन्यात युरोपनं फळमाशी सापडली म्हणून बंद केला आणि २०१५ च्या जानेवारीत बंदी उठवली. अमेरिकेत तर २००७ पासून विकिरण करूनच, म्हणजे किडीसाठी किरणांचा मारा करूनच जातो. लेक्चर रेकॉर्डिंगही जुनं आहे, त्यामुळे २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत नेलेलं शुल्क त्यात कुठून असणार. पण मोठा गिऱ्हाईक देश शुल्क लावतो तेव्हा त्यातला काही भार विकणाऱ्याच्या डोक्यावर येतो, हे मॉडेल त्यात आहेच. आचऱ्याकडे एका मित्राचे कोळंबीचे तलाव आहेत, त्याला तेव्हा व्यापाऱ्यानं लगेच दर पाडून मागितला. मॉडेल म्हणतं तसंच, फक्त ग्राफमध्ये तो बाण असतो आणि इथे मित्राच्या कर्जाचा हप्ता.

शेवटचा भाग विनिमय दराचा, आणि इथे खरंच दमछाक होते. मॅक्रो, म्हणजे अख्ख्या देशाच्या पातळीवरचं अर्थशास्त्र, आधी केलेलं नसेल तर अर्ध्यात सोडाल. परचेसिंग पॉवर पॅरिटी, इंटरेस्ट पॅरिटी, मग मंडेल-फ्लेमिंग, विनिमय दराचे हे सगळे सिद्धांत एकामागोमाग धडाधड. पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. बँक सहा महिने किंवा वर्षाचा फॉरवर्ड रेट, म्हणजे पुढच्या तारखेच्या डॉलरचा आजच ठरवलेला भाव, देते तेव्हा आपल्याला वाटतं बँकेला कळलंय डॉलर कुठे जाणार. तसं काही नसतं, तो जवळजवळ दोन देशांच्या व्याजदरातला फरक असतो. डॉलर ८५ आणि आपलं व्याज ६.५ टक्के, तिकडचं ४.५ धरलं तर ८५ गुणिले १.०६५ भागिले १.०४५, वर्षाचा फॉरवर्ड साधारण ८६.६३. संपलं, त्यात भविष्य वगैरे काही नाही. प्रत्यक्षात डॉलर कुठेही जाऊ शकतो. बी पुरवणाऱ्या इम्पोर्टरशी बोलताना आता मी हे धरून बोलतो आणि तो "बँकच सांगते डॉलर वाढणार" म्हणाला की पूर्वीसारखा घाबरत नाही.

जे-कर्व्हही छान शिकवलाय. रुपया पडला की निर्यात लगेच वाढत नाही, जुने सौदे आधीच्या भावाला ठरलेले असतात, उलट आयातीचं बिल आधी फुगतं, सुधारणा नंतर. भारताचं १९९१ चं अवमूल्यन, १ आणि ३ जुलैला दोन टप्प्यांत केलेलं, आणि १९६६ मध्ये ४.७६ वरून थेट ७.५० केलेला डॉलर, ही दोन्ही उदाहरणं मीच असाइनमेंटमध्ये घातली. "रुपया पडला, एक्सपोर्टरची चांदी" हे टीव्हीवर ऐकतो ना, ते काजूला अर्धंच लागू. आमचा कच्चा माल डॉलरमध्ये येतो, त्यामुळे गराला मिळालेला जादा रुपया बी आधीच खाऊन जाते, आणि बाहेरची बी महागली की इथलीही चढते, म्हणजे बाबा खूश आणि मी हिशेब करत बसतो.

बाकी किरकोळ. व्हिडिओ फुकट बघता येतात, फी परीक्षा आणि सर्टिफिकेटची. सर्टिफिकेट मी बँकेत कर्जाच्या फाईलला जोडलं होतं, कोणी पानसुद्धा उलटलं नाही. इंग्रजी सोपं आहे, सबटायटल लावा. गणितात पार्शल डेरिव्हेटिव्हपर्यंत लागतं, बारावीला गणित असेल तर उजळणी करून जमेल. परीक्षेला टायमर आहे आणि एकदा सुरू केली की थांबवता येत नाही, तेव्हा जून-जुलैत देणार असाल तर इन्व्हर्टर आधी चार्ज करून ठेवा आणि रेंजसाठी दुसऱ्या कंपनीचं सिम हाताशी असू दे.