वात की बटण?
वाडीवाडीच्या संघांनी मालवणच्या पुळणीवर संगीतावर आतषबाजी रंगवायची, तर फटाके पेटवायचे कसे?

अगरबत्तीने हाताने पेटवणं स्वस्त. पण खाऱ्या, दमट हवेत वात सादळते. एक भुईनळा लगेच उसळतो, दुसरा रेंगाळतो आणि ढोलाची थाप निसटते. शिवाय पेटवणारा पोरगा ठिणग्यांच्या अगदी जवळ असतो. मला हेच सर्वांत खटकतं.

रिमोटच्या यंत्रणेत वातीला विजेची क्लिप लावतात, पोरं लांब उभी राहून ठेक्यावर बटण दाबतात. खर्च जास्त, क्लिपा गंजतात, वात जळायचे सेकंदही आधी मोजावे लागतात. तरी माझं मत बटणालाच.

वेळ दोघांना सारखीच: सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीसाठी रात्री ८ ते १० ठरवून दिली.