अरबी समुद्रातील संशोधन सफर: पावसाळ्यात की हिवाळ्यात?

गोव्यासमोरील अरबी समुद्राचे अभिसरण आणि त्यातील ऋतुबदल अभ्यासायचे असतील, तर आधी महिना ठरवावा आणि मगच नकाशावर स्टेशने, म्हणजे जहाज थांबवून मोजमाप घेण्याच्या जागा, मांडाव्यात. येथील किनारी प्रवाह नैर्ऋत्य मान्सूनच्या काळात दक्षिणेकडे वाहतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तो उलटून उत्तरेकडे जातो आणि बंगालच्या उपसागराकडचे कमी खारे पाणी सोबत आणतो.

हिवाळा सोयीचा आहे. समुद्र शांत असतो, आकाश निरभ्र असते आणि मोजमापांचा उपग्रहाच्या नोंदींशी पडताळा घेता येतो. प्रश्न उत्तर अरबी समुद्रातील मिश्रणाचा असेल, तर सोय बाजूला ठेवूनही हाच काळ निवडावा लागतो, कारण कोरड्या ईशान्य वाऱ्यांमुळे बाष्पीभवन वाढते, पृष्ठभागाचे पाणी थंड व जड होऊन खाली बसते आणि वरचा मिसळलेला थर सुमारे १०० मीटरपर्यंत खोल जातो.

पावसाळ्यातले चित्र मात्र जहाज नेल्याशिवाय नीट हाती लागत नाही. त्या काळात किनाऱ्यालगत खालचे थंड, ऑक्सिजन कमी असलेले पाणी वर चढते. परंतु पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा पातळ थर त्यावर पसरतो, शिवाय आकाशात ढग असतात, त्यामुळे पृष्ठभागाचे तापमान टिपणाऱ्या उपग्रहाला या थंड पाण्याचा बऱ्याचदा पत्ताच लागत नाही. आर्गो फ्लोट, म्हणजे आपोआप वर-खाली होत मोजमाप करणारी तरंगती उपकरणे, २,००० मीटरपर्यंतची माहिती देतात, पण ती खोल समुद्रातली. उथळ पट्ट्यात त्यांचा भरवसा धरता येत नाही.

पावसाळ्यात जहाज नेण्याची किंमत डेकवर मोजावी लागते. जहाज डोलू लागले की सीटीडीची (पाण्याचा खारेपणा, तापमान आणि खोली मोजणाऱ्या उपकरणाची) केबल क्षणभर सैल पडते आणि लगेच हिसका बसतो. अशा वेळी केबल सोडणाऱ्या-ओढणाऱ्या यंत्रावरचा (विंच) माणूस थांबा म्हणाला, तर मुख्य शास्त्रज्ञाचेही काही चालत नाही. सीटीडीसोबत वर आलेल्या पाण्याच्या बाटल्यांतून ऑक्सिजनचा नमुना सर्वांत आधी आणि एकही बुडबुडा न शिरू देता काढायचा असतो, आणि हे ओल्या, कलत्या डेकवर उभे राहून. शिवाय सेकंदाला सुमारे एक मीटर या वेगाने २,००० मीटरचे एक स्टेशन दीड तास तरी खाते; तेवढ्यात १० नॉटने जहाज १५ सागरी मैल कापते. म्हणून सफरीचे दिवस वाया गेले तर खोल समुद्रातली स्टेशने गाळावीत, किनाऱ्याकडच्या समुद्रतळाच्या उतारावरची नव्हेत.

माझ्या मते जुलैचा हट्ट धरू नये. सप्टेंबरअखेर वारा मंदावलेला असतो आणि उथळ पट्ट्यातील ऑक्सिजनची तूट सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच सर्वाधिक असते. दक्षिणवाही प्रवाह ऐन भरात सापडत नाही, एवढे मात्र सोडावे लागते. महिनाभराचे जहाज मिळणार असेल, तर सलग सफरीऐवजी सप्टेंबरअखेर आणि फेब्रुवारीत तोच छेद (स्टेशनांची तीच रांग) दोनदा घ्यावा. तरीही हा प्रवाह काही आठवड्यांतच दिशा बदलू शकतो, त्यामुळे पहिल्या फेरीत प्रवाहमापकाचे मूरिंग (तळाला नांगरून ठेवलेले उपकरण) सोडून दुसऱ्या फेरीत काढणे आवश्यक आहे. गोव्यात १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी तोवर संपलेली असते. तेव्हा मूरिंगची जागा ट्रॉलरवाल्यांशी बोलूनच नक्की करावी.