कथा कोणी सांगायची, ‘मी’ने की त्रयस्थाने?

प्रथमपुरुषी आणि तृतीयपुरुषी निवेदनाचे नेहमीचे फायदे-तोटे तुम्हाला माहीत असणारच. ‘मी’मध्ये जवळीक असते, पण तो एका वेळी एकाच ठिकाणी असतो. त्रयस्थाला सगळ्या घरांत आणि सगळ्यांच्या मनांत प्रवेश असतो. दोन्ही पद्धतींनी लिहून पाहिल्यावर माझा कौल मात्र वेगळ्याच कारणाने ठरला.

मराठीत त्रयस्थ निवेदक खरा त्रयस्थ राहूच शकत नाही. पात्राला ‘तो’ म्हणायचं की ‘ते’, हे त्याला ठरवावंच लागतं आणि तिथेच त्याची बाजू उघडी पडते. शेतीच्या वाटणीवरच्या माझ्या कथेत वाक्य होतं: ‘गणपतराव ओसरीवर टेकले. म्हादू खाली अंगणात बसला.’ गणपतराव मालक, म्हादू सालगडी, वयाने दोघं बरोबरीचे. मग एकाला ‘टेकले’ आणि दुसऱ्याला ‘बसला’ हे कोण म्हणतंय? गावाची उतरंड निवेदकाच्या तोंडून बोलत होती आणि कथेत त्याला जाब विचारणारं कोणी नव्हतं. दोघांनाही ‘तो’ केलं तर गणपतराव परके वाटायचे. दोघांनाही ‘ते’ केलं तर भाषा सत्कार समारंभाची व्हायची. ही अडचण मला फार सलली.

तीच कथा गणपतरावांच्या मुलीकडे दिली: ‘दादा ओसरीवर टेकले. म्हादूकाका खाली अंगणात बसले.’ आता आदर तिचा आहे, आणि ‘खाली’ हा शब्द वाचकाला आपोआप टोचतो. तलाठ्याच्या कचेरीत काय झालं ते तिला कळत नाही, हे खरं. दादा चपला न काढताच देवघरापर्यंत गेले, एवढंच तिला दिसतं. मला तेवढं पुरेसं वाटलं.

‘मी’ म्हणजे नायकच असायला हवा असं नाही, हे मराठी वाचकाला १९५५च्या ‘बनगरवाडी’ने दाखवून दिलं आहे. तिथला तरुण मास्तर बाहेरून येतो, धनगरांची वाडी बघतो, तिच्यात गुंततो. कथा वाडीची, डोळे मास्तरचे. मला हाच काठावरचा ‘मी’ सर्वांत जवळचा वाटतो. उलट ‘कोसला’तल्या पांडुरंग सांगवीकरसारखा ‘मी’ स्वतःच विषय असतो. त्याला पानापानावर पेलायचं तर आवाजावर जबर पकड लागते. नवख्याने एकदम तिकडे वळू नये, असं आपलं माझं मत. एका ‘मी’ने भागत नसेल तर ‘मृत्युंजय’सारखी आळीपाळीने अनेकांना बोलू देण्याची वाटही आहे, फक्त प्रत्येकाची बोलण्याची ढब वेगळी साधायला हवी.

तुमच्या कथेत एकाच रात्री दोन घरांत काही घडत असेल आणि वाचकाला दोन्हीकडचं एकदम कळणं गरजेचं असेल, तर त्रयस्थच घ्या. तिथे साक्षीदार ‘मी’ला दाराआड उभा करून चोरून ऐकायला लावणं फार केविलवाणं दिसतं. पण लिहायला बसण्याआधी सगळ्या पात्रांची नावं कागदावर मांडा, प्रत्येकापुढे ‘तो’, ‘ती’, ‘ते’ की ‘त्या’ हे लिहा, आणि एकदा ते उलटं करून पहिलं पान वाचून पाहा.