मलपृष्ठावरची एक ओळ: ‘सिद्धार्थ’ पाच महिन्यांनंतर

हर्मन हेसेच्या ‘सिद्धार्थ’चा मराठी अनुवाद ऑनलाइन मागवला, २२० रुपयांना. नुसतं डिंकावर चिकटवलेलं. दुसऱ्या वाचनात मधली पानं हातात आली. विक्रेता म्हणतो, परतीची मुदत संपली. सात दिवसांत बांधणीची परीक्षा कशी होणार? शेवटी बडोद्याच्या दांडिया बाजारात ४० रुपये देऊन शिवून घेतलं.

पण खरा संताप मलपृष्ठाचा. तिथे छापलंय, ‘भगवान बुद्धांची जीवनकथा’. साफ चूक! १९२२च्या या जर्मन कादंबरीतला सिद्धार्थ हा ब्राह्मणाचा मुलगा. बुद्ध त्यात वेगळे आहेत, गोतम म्हणून. जेतवनात दोघं बोलतात आणि हा त्यांचा मान राखून आपल्या वाटेने निघून जातो. ती ओळ वाचून जो पुस्तक उघडतो, तो शेवटपर्यंत भलतंच शोधत बसतो.

शेजारच्या काकूंनी कमला गणिका आली तिथेच पुस्तक मिटलं. ‘हे कसले बुद्ध?’ म्हणाल्या. त्यांचा काय दोष?

माझी मैत्रीण दरवर्षी २३ सप्टेंबरला इथल्या संकल्पभूमीवर जाते, जिथे बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यता संपवण्याचा संकल्प केला. तिने पूर्ण वाचलं आणि तिचा आक्षेप मला अजून खोडता आलेला नाही. बुद्धांनी आत्मा नाकारला. इथे शेवटी नदीतून ‘ओम्’ ऐकू येतो, सगळं एकच होतं. हे उपनिषदांचं झालं. शिवाय भिक्षुसंघ मागे टाकून एकट्याने सुटायचं, यात धम्म कुठे? भाचा मात्र गोतमाच्या प्रकरणावर फिदा आहे: ज्ञान शब्दांतून देता येत नाही, हे तोंडावर सांगणारा नायक त्याला आवडला.

मी आधी तीनच तारे दिले होते. कामस्वामीचा व्यापार, जुगार, तो सगळा भाग रेंगाळतो, आणि माणसं प्रवचनासारखी बोलतात. मग जूनमध्ये मुलगा भांडून पुण्याला गेला, फोन उचलेना. तेव्हा ‘मुलगा’ हे प्रकरण पुन्हा काढलं. सिद्धार्थचा पोरगा पळतो, बाप मागे धावतो, आणि पुढे नदीत वाकून पाहतो तर स्वतःच्या चेहऱ्यात त्याला आपला बाप दिसतो, ज्याला सोडून तो एकदा असाच निघाला होता. त्या पानावर मी बराच वेळ थांबले. चौथा तारा त्या पानाचा.

मलपृष्ठावरच्या ओळीवर पांढरा कागद चिकटवलाय. पुस्तक आता परत काकूंकडे आहे.