जुना सरफेस गो फेकू नका, लिनक्स टाका

२०१८ चा पहिला सरफेस गो, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा छोटा टॅबलेट, १० इंची, कीबोर्ड निघतो, पेन चालतं. विंडोज ११ यावर अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, म्हणून मी फेडोरा टाकलं (विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सचाच एक प्रकार), ग्नोम डेस्कटॉपवालं. व्हॉल्युम डाऊन दाबून पॉवर ऑन केलं की पेनड्राइव्हवरून बूट होतो, त्यात काही अवघड नाही.

पेन मात्र कमाल आहे राव! झूर्नल प्लस प्लस (Xournal++) या नोट्सच्या ॲपमध्ये लिहायला घेतलं तर प्रेशर नीट येतं, हलकं टेकवलं तर बारीक रेघ आणि दाबलं की जाड, देवनागरी लिहिताना वेलांट्या, जोडाक्षरं सगळं कागदावर येतं तसं येतं, पीडीएफवर पण तिथेच खुणा करता येतात. हाताचा तळवा टेकून नको त्या रेघा येत असतील तर सेटिंगमध्ये टचने लिहिणं बंद करा. कीबोर्ड काढला की स्क्रीनवरचा कीबोर्ड येतो, पण टायपिंग फार करायचं असेल तर खरा लावाच.

कॅमेऱ्याला खटपट लागते, व्हिडिओ कॉलसाठी घेणार असाल तर नको. ४ जीबी रॅमवाला पण नको, ८ वालाच बघा. नोट्स काढणाऱ्या विद्यार्थ्यांना सेकंडहँड मिळाला तर बिनधास्त घ्या, फक्त पेन वेगळं घ्यावं लागतं हे बजेटमध्ये धरा.