उणे पस्तीसवर ऐकू येतं कसं? आमचा ५.२ रिसिव्हर, चौदा महिन्यांनंतर

रिसिव्हर म्हणजे टीव्हीचा, सीडीचा, रेडिओचा आवाज खोलीभरच्या स्पीकरांत वाटून देणारं यंत्र; ५.२ म्हणजे पाच स्पीकर आणि दोन सबवूफर (खर्जाच्या आवाजाचे खोके) जोडायची सोय. आमच्या सासूबाईंना हे यंत्र पहिल्या दिवसापासून खटकलं, कारण त्याच्या काचेवर आवाज उण्यात दिसतो. "उणे पस्तीस? म्हणजे आवाज नाहीच की. मग ऐकू कसा येतोय?" चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईचा प्रश्न रास्त होता. दुकानातून जोडणीला आलेल्या मुलाला मी तोच विचारला, तर तो म्हणाला, "मॅडम, ते तसंच असतं." मग त्याने हेलिकॉप्टरचा एक व्हिडिओ मोठ्याने लावला, समोरच्या फ्लॅटचं दार उघडायला लावलं आणि वीस मिनिटांत सही घेऊन गेला.

ते तसंच का असतं हे मला तीन आठवड्यांनी समजलं. शून्य म्हणजे सिनेमागृहासाठी ठरलेली पातळी. उणे पस्तीस म्हणजे तिच्यापेक्षा पस्तीस डेसिबल खाली. कोथरूडच्या हॉलमध्ये शून्यापर्यंत कोणी जात नाही, गेलंच तर सोसायटीची नोटीस येईल. ज्यांना उणं बघवत नाही त्यांच्यासाठी सेटिंगमध्ये 'रिलेटिव्ह'च्या जागी 'ॲब्सोल्यूट' करायची सोय आहे. मग तेच पंचेचाळीस दिसतं. सासूबाई म्हणाल्या, "पंचेचाळीस ठीक आहे."

रिसिव्हर लेकाने घेतला. अठ्ठेचाळीस हजारांचा. पाच स्पीकर आणि सबवूफर वेगळे, त्यांचा हिशोब मला अजून नीट सांगितलेला नाही. "आता निवृत्त झालीस, सिनेमे बघ," म्हणाला आणि पंधरा दिवसांत जर्मनीला गेला. तेव्हापासून हे यंत्र माझ्या गळ्यात. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या किमतीतले जपानी रिसिव्हर चालवायला साधारण एकाच वळणाचे वाटले मला, दुकानात तिघांचे मेनू उघडून पाहिले होते.

भाचा अमेरिकेहून आणून देतो म्हणाला होता, तिकडे स्वस्त. नको म्हटलं, त्याचा पस्तावा नाही. तिकडचा नग बहुतेक वेळा १२० व्होल्टचा, आपल्याकडे २३०. म्हणजे सोबत एक जड ट्रान्सफॉर्मर कायमचा सांभाळा. शिवाय तिकडे मध्यम लहरींची केंद्रं १० किलोहर्ट्‌झच्या अंतराने असतात, आपली ९ च्या. पुणे आकाशवाणी ७९२ वर. तो आकडा ज्या ट्यूनरला लागतच नाही तो आमच्या घरी दोन दिवस टिकला नसता. (सोबत मिळणारी चौकटीसारखी अँटेना टीव्हीच्या मागे ठेवू नका, नुसती गुरगुर येते. आमची खिडकीत तुळशीच्या कुंडीशेजारी आहे.)

आता खरी फसगत. पहिले पाच आठवडे आम्ही मागच्या दोन स्पीकरवर धूळ पुसत होतो, पण त्यांतून आवाज येत नव्हता. आम्हाला वाटलं, सिनेमाच तसा असेल. टीव्हीवरचे सगळे ॲप टीव्हीतच आहेत, त्यांचा आवाज ज्या एचडीएमआय तारेतून चित्र जातं तिच्यातूनच उलटा रिसिव्हरकडे येतो. त्याला एआरसी म्हणतात. तार टीव्हीच्या त्याच भोकात लागते जिथे 'एआरसी' लिहिलंय, ती लागली होती. पण टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज 'पीसीएम'वर होता, आणि त्या वाटेने पीसीएम म्हणजे दोनच चॅनल (चॅनल म्हणजे एकेका स्पीकरसाठीचा वेगळा आवाज, टीव्हीवरची वाहिनी नव्हे). पाच चॅनलचा सिनेमा टीव्ही आधी दोनात गाळायचा आणि मग पाठवायचा. ते 'पास-थ्रू' केलं, काही टीव्हीत त्याला 'बिटस्ट्रीम' किंवा नुसतं 'ऑटो' म्हणतात, आणि रिसिव्हरच्या काचेवर 'डॉल्बी डिजिटल प्लस' अशी अक्षरं उमटली. त्याच क्षणी माझ्या मानेमागे पाऊस सुरू झाला. मी खरोखर उठून गॅलरीतले कपडे बघायला गेले.

म्हणून नवा रिसिव्हर घेणाऱ्याला एकच सांगेन. आवाजाचा आकडा नंतर बघा, आधी काचेवर आत काय येतंय ते वाचायला शिका. रिमोटवर 'इन्फो' किंवा 'स्टेटस' असं बटण असतं. सेट टॉप बॉक्सवरच्या मालिका आमच्याकडे दोन चॅनलमध्येच येतात, तिथे मागचे स्पीकर गप्प राहिले तर बिघाड नाही. सिनेमाला गप्प राहिले तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरा.

यातलाच उलटा प्रकार आमच्या ह्यांच्याबाबत झाला. ह्यांनी नाट्यसंगीताची सीडी लावली. रिसिव्हरने आपल्या मनाने दोन चॅनलचे पाच केले आणि पेटी सोफ्याच्या मागून वाजायला लागली. "हा कोण मागे बसलाय?" म्हणून हे चिडले. रिमोटवर 'म्युझिक' दाबून 'स्टिरिओ' निवडलं की पेटी पुन्हा समोर येऊन बसते. एकदा निवडलं की सीडीसाठी ते लक्षात ठेवतो, हा त्याचा गुण.

सोबत एक छोटा मायक्रोफोन येतो. तो बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवायचा, मग रिसिव्हर एकेका स्पीकरमधून आवाज काढून खोली मोजतो. दुकानातल्या मुलाने हे केलंच नव्हतं. आमच्याकडे कॅमेऱ्याचा स्टँड नाही, म्हणून सोफ्यावर पोळपाट, त्यावर डाळीचे दोन डबे, त्यावर मायक्रोफोन. पंखे बंद, एप्रिल महिना, सगळ्यांना आतल्या खोलीत कोंडलेलं. पहिल्यांदा शेजारच्या कुकरची शिट्टी झाली आणि पडद्यावर आलं की खोलीत आवाज फार आहे. दुसऱ्यांदा सासूबाईंनी आतून विचारलं, "झालं का गं?" तिसऱ्यांदा मोजमाप पूर्ण झालं आणि कळलं की उजव्या मागच्या स्पीकरची तार उलटी आहे. तांबड्याला काळी, काळ्याला तांबडी. स्पीकर त्यानेही वाजतो, पण एकाचा पडदा पुढे जातो तेव्हा दुसऱ्याचा मागे, आणि दोघांमधला आवाज पोकळ होतो. तुळशीबागेजवळच्या तपकीर गल्लीतून जाडसर तार आणि पितळी प्लग आणले, माझी मीच बदलली. बँकेत पस्तीस वर्षं चुकीच्या खात्यातली नोंद शोधली, ही तर फक्त दोन टोकं.

मोजमापानंतर दोन गोष्टी तपासा. एक, यंत्राने समोरचे स्पीकर 'लार्ज', म्हणजे खर्जही पेलणारे, असे लिहिलेत का. आमचे लिहिले होते, फूटभर उंचीचे असून. त्यांना 'स्मॉल' करून मर्यादा ८० हर्ट्‌झ ठेवली की त्याखालची घरघर सबवूफरकडे जाते आणि बिचारे बोलायला मोकळे होतात. दोन, सबवूफरचं अंतर. तीन मीटरवर असलेला सबवूफर यंत्राने साडेपाच मीटर लिहिला. मी टेप घेऊन मोजलं, बदललं आणि आवाज बिघडवला. सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे आवाज थोडा उशिरा निघतो, तो उशीर यंत्र अंतर वाढवून लिहितं. ते तसंच राहू द्यावं. (म्हणजे त्या मुलाचं "तसंच असतं" इथे चाललं असतं.)

संवाद ऐकू न येण्याची तक्रार मात्र मोजमापाने गेली नाही. नायक कुजबुजतो म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्या क्षणी गाडी फुटते. उपाय दोन केले. मधल्या स्पीकरची पातळी ३ डेसिबलने वर घेतली आणि 'डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन' रात्री दहानंतर चालू ठेवलं. त्याने मोठे आवाज दबतात, बारीक वर येतात. शौकीन लोक याला नाक मुरडतील. त्यांच्या घरी चौऱ्याऐंशी वर्षांचं कोणी झोपत नसेल.

बंद पडण्याचा किस्सा एकच. मे महिन्यात दोन दिवस ओळीने सिनेमाच्या मध्यात यंत्र टक् करून बंद पडलं, दिवा तांबडा लुकलुकायला लागला. कस्टमर केअरने "इंजिनिअर पाठवतो, भेटीचे पैसे पडतील" सांगितलं. मी वाकून पाहिलं तर वरच्या जाळीवर सासूबाईंनी क्रोशाचा रुमाल अंथरलेला, त्यावर पितळी गणपती. यंत्र उघडं बरं दिसत नाही म्हणून. ही वस्तू तापते, तिला वर वीतभर मोकळी जागा लागते. गणपती टीव्हीच्या बाजूला हलवला, रुमाल सेट टॉप बॉक्सवर गेला. इंजिनिअर आलाच नाही, ते बरंच झालं.

खोक्यावरच्या वॅटवर जाऊ नका. आमच्या खोक्यावर १३० लिहिलंय. खाली बारीक अक्षरात: ६ ओम, १ किलोहर्ट्‌झ, एकच चॅनल चालू, १० टक्के विकृती (म्हणजे आवाज फाटलेला). पाचही चॅनल एकदम वाजताना एवढे मिळणार नाहीत. चौदा बाय अकराच्या खोलीला जे मिळतात ते पुरून उरतात.

आता रिमोट. चव्वेचाळीस बटणं, मोजली आहेत. अंधारात एकही दिसत नाही, आणि 'सेटअप' हे आवाज कमी करायच्या बटणाच्या अगदी खाली. एचडीएमआय कंट्रोल चालू केलं तर टीव्हीच्या रिमोटने आवाज चालतो आणि टीव्ही बंद केला की रिसिव्हरही बंद होतो. आठवड्यातून एकदा मात्र सासूबाईंची मालिका चालू असताना यंत्र आपणहून सीडीकडे वळतं, तेव्हा बंद करून पुन्हा चालू करण्यापलीकडे इलाज सापडलेला नाही. त्यासाठी मी रिमोटवर नेलपॉलिशचे तीन ठिपके दिलेत: तांबडा चालू-बंदचा, गुलाबी सेट टॉप बॉक्सचा, आणि चंदेरी रेडिओचा.

परवा दुपारी मी भाजी घेऊन वर आले तर आकाशवाणी चालू होती, आवाज पंचेचाळीसवर. सासूबाईंना विचारलं, कोणी लावून दिलं? "चंदेरी दाबलं," म्हणाल्या, "पण तो ठिपका उडत चाललाय, जरा गडद रंग आण."